शिम्रचा दस्ताना

इस्फहान, २० बहमन

कियूमर्स,

सलाम. फोन केला की तू "आवाज नीट येत नाही" म्हणून ठेवून देतोस. बंदर अब्बासच्या लाइनी इतक्याही वाईट नाहीत. माझ्या शेजारणीचा नवरा तिथूनच रोज तिच्याशी निवांत भांडतो. म्हणून हे पत्र. पत्राला आवाज येत नाही म्हणायची सोय नसते.

कामाचंच लिहिते. आपल्या आबरेज गावाचं चिलखत आमच्या संग्रहालयात आलंय आणि दुरुस्तीला माझ्याच टेबलावर ठेवलंय. टोप आणि छातीपाठीचे चार पत्रे हाजी अमानुल्लाच्या घरून आले, पांढऱ्या चादरीत बांधून, वर गुलाबपाणी शिंपडून. लोखंडावर गुलाबपाणी! मी कपाळाला हात लावला. ढाल, आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढवायचा तो पोलादी दस्ताना, आपल्या घरून आले, बाबांच्या लाल अंगरख्यात गुंडाळून. दोन्ही गाठोडी एकाच टॅक्सीतून आली. हाजीने मधे उशी ठेवली होती. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको.

आमचे प्रमुख डॉक्टर सालारी तेहरानचे आहेत. भारी सभ्य. "तुमच्या पायाची धूळ मी" असं म्हटल्याशिवाय पेन्सिलसुद्धा मागत नाहीत. त्यांना त्या उशीचं काही कळेना. मी सांगितलं, आमच्याकडे मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, आशूराच्या खेळात, हाजीचं घर हजरत अब्बास होतं, तहानलेल्या पोरांसाठी नदीवर पाणी आणायला जाणारा. आमचं घर शिम्र होतं. म्हणजे पाणी अडवणाऱ्यांतला, आणि शेवटी इमामांच्या गळ्यावर खंजीर चालवणारा. पणजोबांपासून असंच चालत आलंय. टोप आणि पत्रे त्यांचे, ढाल आणि दस्ताना आमचे.

"म्हणजे आपले वडील..." डॉक्टर अडखळले.

"हो, दर वर्षी. उरलेलं वर्ष ते जर्दाळू पिकवतात."

मुहर्रम लागण्याआधी सगळं गावाला परत करायचं, असं लेखी ठरलंय. बघू.

बाबा बरे आहेत. घसा जरा धरलाय.

तूबा


इस्फहान, ११ इस्फंद

कियूमर्स,

खजुराची पेटी मिळाली. आत चिठ्ठी असेल म्हणून उलटी करून झटकली. खजूरच पडले. गोड आहेत.

दस्तान्याची अवस्था सगळ्यांत वाईट आहे. पोलादावर आधी बारीक तिरप्या रेघा ओरखडून मग त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. गंज त्या तारेच्या खालून शिरतो आणि सोनं पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. आम्ल लावलं तर उरलंसुरलंही जाईल. म्हणून भिंगाखाली बसायचं आणि पात्याच्या टोकाने गंजाचा एकेक कण उचलायचा. दिवस संपला की नखाएवढी जागा साफ झालेली असते. शेजारच्या टेबलावर गालिचे दुरुस्त करणारी बाई मला विचारते, "तूबाखानुम, कुणाची दाढी करताय एवढी जपून?"

पण एक गंमत सापडली. त्या बारीक रेघा सगळ्या उलट्या बाजूला कलतात. म्हणजे कारागीर डावखुरा होता. मग मी टोप घेतला भिंगाखाली, मग पत्रे, मग ढाल. सगळीकडे तोच डावा हात. हा एकाच माणसाच्या अंगासाठी केलेला एकच पोशाख आहे, दरबारात मिरवायचा. लढाई त्याने कधी पाहिलेलीच नाही. पुढे कधीतरी तो आपल्या गावात आला आणि आपल्या लोकांनी तो वाटून टाकला, अर्धा पुण्यवंतांना, अर्धा पाप्यांना.

डॉक्टर लहान मुलासारखे खूश झाले. म्हणाले, सगळा पोशाख एका पुतळ्यावर चढवू, देशात असे पूर्ण संच किती असतील! मी म्हटलं, गावाला आधी विचारा. ते म्हणाले, तो मान मी तुम्हालाच देतो. सभ्य माणसांचं हे असं असतं.

आणखी एक. दस्तान्याच्या कडेला, मनगटाजवळ, चेपा आहे. तू गेलास त्या वर्षीची गोष्ट तुला माहीत नसेल. आशूरानंतर दस्ताना कुठे दिसेना. नवरोजच्या आधी मशिदीचा हौद उपसला तेव्हा तो गाळात सापडला. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तोंड धुताना माझ्याच हातून पडला, लाज वाटली म्हणून बोललो नाही. गावाने ते खरं मानलं. मीही मानलं.

हातून निसटलेली वस्तू अशी चेपत नाही, कियूमर्स. उभं राहून, हात मागे नेऊन, सगळी ताकद लावून फेकली आणि वाटेत हौदाचा दगडी काठ लागला, तर अशी चेपते. बाबांचा उजवा खांदा तेव्हाही उचलत नव्हता. चहाचा पेलासुद्धा ते डाव्या हाताने तोंडाला लावायचे.

मी काही विचारत नाहीये. धातूचं सांगतेय.

तूबा


आबरेज, ५ फरवर्दीन

कियूमर्स,

नवरोज मुबारक. तुझ्या नावाचंही अंडं रंगवलं. रंग जरा फसला, ते तुझ्यासारखंच रुसलेलं दिसतं.

मागे "घसा धरलाय" लिहिलं ते अर्धंच होतं. दय महिन्यात बाबांच्या घशातली गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाज गेला. तुला कळवायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं, आवाज होता तोवर तोंडाने आणि नंतर डोळ्यांनी. आता गाठीचा धोका नाही. पण आवाज परत यायचा नाही. गाव कसं आहे ते तुला माहीत आहे. भेटायला येतात, गळ्यावरचे टाके बघतात, "शेवटी शिम्रच्याच गळ्यावर सुरी फिरली" म्हणतात आणि मग स्वतःच जीभ चावतात. बाबा हसतात. खांदे हलतात, तेवढंच.

काल हाजी अमानुल्ला आला, हातात केशरी खिरीचं भांडं घेऊन. बसला, चहा प्यायला, गुडघ्यांचं गाऱ्हाणं झालं, मग बाबांकडे वळून विषयावर आला.

"मशदी, अब्बास व्हायला अख्खं गाव तयार आहे. शिम्र व्हायला माणूस लागतो. तुझ्या घरातून यंदा कोण उभं राहणार?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवर अंथरलेल्या सुफ्र्यावरचे भाकरीचे तुकडे गोळा करू लागले.

"कुणी नसेल तर माझा भाचा गफ्फार आहे," हाजी म्हणाला. "बस चालवतो. आवाज त्याच्या हॉर्नसारखाच आहे. मुहर्रम लागायच्या आत सांग म्हणजे झालं."

आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. भूमिका ज्या घरात जाते, पोलादही त्याच घरात जातं. ढाल आणि दस्ताना एकदा गफ्फारच्या दारात गेले की पुन्हा आपल्याकडे येत नाहीत. हाजी उठला तेव्हा बाबा त्याला दारापर्यंत पोचवायला गेले नाहीत. असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मीच गेले. जोडे चढवताना हाजीने विचारलं, "तुझा भाऊ अजून माझ्यावर रागावलेला आहे का गं?"

"मला काय ठाऊक. तो पत्रात खजूर लिहितो."

"थट्टा केली होती मी, पोरी. चहाच्या दुकानात सगळे थट्टाच करतात. अब्बासाच्या घरची मुलगी शिम्रच्या घरात दिली तर पाणी कोण भरणार, एवढंच तर म्हणालो. सगळे हसले. तोही हसला."

"तो हसला नव्हता, हाजी. त्याने दात दाखवले होते."

हाजी बराच वेळ जोड्यात पाय घालत राहिला. मग म्हणाला, "माझ्या मुलीला जुळी झालीयेत. ती तर त्याचं नावही विसरली असेल. आपणच धरून बसलोय." मला वाटतं हे त्याने तुला कळावं म्हणूनच सांगितलं, म्हणून कळवते.

तो गेल्यावर मी बाबांना दस्तान्याच्या चेप्याबद्दल विचारलं. त्यांनी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मी म्हटलं, बाबा, मी वीस वर्षं धातूच बघते. त्यांनी पुन्हा बोट छातीवर ठेवलं, या वेळी जोरात. खोटं बोलायला आवाज लागत नाही.

तर आता नीट वाच. तो दस्ताना कुणी फेकला ते गावात कुणालाही ठाऊक नाही. ज्यांच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून तू तिकडे बंदरावर क्रेन चालवत बसलायस, ते सगळे बाबांनाच धांदरट म्हणतात. बाबांनी ते ऐकून घेतलं, अजून घेतात.

तूबा


इस्फहान, १३ उर्दीबहेश्त

कियूमर्स,

खजुराची दुसरी पेटीही आली. याही वेळी फक्त खजूर. संग्रहालयातल्या सगळ्यांनी खाल्ले, तुला दुवा दिल्या.

मंगळवारी आमच्याकडे तमाशा झाला. डॉक्टरांनी पुतळा सजवला होता. डोक्यावर टोप, त्यावर मोराची पिसं, छातीपाठीला चकाकणारे पत्रे, एका हातात ढाल, दुसऱ्या हातावर दस्ताना. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं. मीच तर साफ केलं होतं. गावाची मंडळी पाहायला आली, हाजी, बाबा, गफ्फार आणि आणखी दोन पंच. डॉक्टरांनी गझ मिठाईची तबकं मांडली होती.

हाजी पुतळ्यासमोर आला आणि खालीच बसला, फरशीवर.

"डॉक्टर, तुमचं भलं होवो," तो म्हणाला, "आधी याला विचारा, पाणी आणायला निघालाय की पाणी अडवायला?"

डॉक्टरांनी डावखुऱ्या कारागिराची गोष्ट सांगितली. भिंग आणलं, रेघा दाखवल्या. हाजीने भिंगातून निरखून पाहिलं आणि भिंग परत दिलं.

"लोहार एकच असेल. अल्लाहने तर सगळ्यांना एकाच मातीतून घडवलंय. म्हणून मी काय शिम्रला धाडणाऱ्या यझीदबरोबर एका ताटात जेवू?"

"पण हाजीसाहेब, आपल्या चरणांची शपथ, इतिहास..."

"इतिहासच सांगतोय तुम्हाला! डोकं अब्बासाचं आणि हात शिम्रचा. हा स्वतःचाच गळा कापेल!"

एवढ्यात गफ्फारला काय वाटलं कोण जाणे. "बघू तरी मला बसतो का," म्हणत त्याने पुतळ्याच्या हातावरचा दस्ताना ओढायला घेतला. बिजागरी करकरली. मी ओरडले. मी कामावर कधी ओरडत नाही, सगळे दचकले. गफ्फारने हात मागे घेतला. "एवढं काय, बाई, लोखंडच आहे ना," म्हणाला. त्याचा हात पाहिलास ना तू? त्या हाताला तो मनगटाच्या वर चढणार नाही. चढवलाच तर बिजागरी तुटेल.

मग बाबा पुढे आले. दर वर्षी खेळाच्या आधी शिम्र अब्बासाच्या खांद्याचं चुंबन घेतो आणि आज माझ्या तोंडून आणि हातून जे होईल त्याची माफी मागतो, ते तुला आठवत असेल. बाबांनी पुतळ्याच्या खांद्याला ओठ लावले. ओठ हलले. मग डाव्या हाताने, अगदी सावकाश, दस्तान्याचे पट्टे सोडवले, तो काढला आणि माझ्या हातात दिला. ढाल काढली आणि भिंतीला टेकवली. पुतळ्यावर आता फक्त हाजीच्या घरचं उरलं.

डॉक्टर स्वतः आतून दुसरा पुतळा घेऊन आले. त्यांच्या सुटाला धूळ लागली होती. मला त्या क्षणी ते फार आवडले.

हाजी अजून फरशीवरच होता. रडत होता. "यंदा माझ्या खांद्याशी कोण येणार?" म्हणाला. "हा गफ्फार? हा येईल, वाकेल, मुका घेईल. पण माफी कशाची मागायची ते याला ठाऊक तरी आहे का?" गफ्फार तोंडातला गझ चघळत राहिला.

आता दोन पुतळे आहेत, मधे हातभर जागा. मुहर्रमपुरतं चिलखत गावाला जाईल आणि नंतर परत इथेच राहील, असंही ठरलं. खालच्या पाटीवर लिहिलंय की कारागीर एकच. हाजीने पाटी वाचून घेतली आणि हरकत नाही म्हणाला. वाचता येणाऱ्यांना कळलं तर कळू दे, असं त्याचं मत.

तूबा


इस्फहान, २८ उर्दीबहेश्त

कियूमर्स,

परवा मुहर्रम लागतो. चिलखत उद्या गावाला जाईल. टोप, पत्रे आणि ढाल जातील यात प्रश्न नव्हता. दस्तान्याबद्दल डॉक्टरांनी मला विचारलं, "तूबाखानुम, तुम्ही म्हणाल तसं. हा अंगावर चढवण्याजोगा आहे का?"

नाही म्हटलं असतं तर तो काचेत राहिला असता. गफ्फारला मिळाला नसता, आपल्या घरूनही गेला नसता. सोपं होतं. पण ते खरं नव्हतं. मी बिजागरीला आतून आधार दिलाय, सुटणारं सोनं चिकटवलंय, वर मेणाचा हात दिलाय. तो चढवता येतो. पण हातावर घसरता कामा नये आणि दाबूनही बसता कामा नये. ज्या हाताला तो नेमका बसेल त्यानेच घालावा, त्यासाठी आत अस्तर हवं. मी तसं सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं.

अस्तर मी शिवलं. तुझा निळा सदरा आईच्या पेटीत होता, कोपराला फाटलेला. त्याची बाही घेतली, आत कापूस भरला, बारीक टाके घातले. माप त्याच बाहीचं. लहानपणी जर्दाळूच्या झाडावरून पडून तुझा हात मोडला होता आणि हाड जरा वाकडं बसलं, ते लक्षात ठेवून बाहेरच्या बाजूला कापूस कमी भरला. बाबा गेल्या आठवड्यात इथे आले तेव्हा त्यांच्या हातावर चढवून पाहिला, तो गोल गोल फिरतो, इतके ते वाळलेत. गफ्फारची तर गोष्टच सोड. हा आता एकाच हातावर बसतो.

चेपा काढला नाही. ठोकून काढायला गेले असते तर भोवतालचं सोनं गेलं असतं. हे कारण डॉक्टरांना सांगितलं आणि ते खरं आहे. दुसरं कारण बाबांनी सांगितलं. त्यांनी त्या चेप्यावर अंगठा फिरवला आणि मान हलवली, राहू दे. अस्तर त्याच्यावरून गेलंय, तुला टोचणार नाही.

आता एक सरळ सांगते, कारण पत्र लांबलं की मला कामाचंच लिहायची सवय आहे. मला तुझी आठवण येते. बाबांना माझ्यापेक्षा जास्त येते. ते रोज संध्याकाळी ओसरीवर बसून शिम्रचे संवाद ओठांनी म्हणतात. आवाज नाही, पण एक शब्द चुकत नाही. गावी असले की मी ते बघू शकत नाही, उठून आत जाते.

आशूरा आठ खोरदादला आहे. ये.

तूबा


इस्फहान, १५ खोरदाद

कियूमर्स,

तू पहाटेच्या बसने गेलास. चहासुद्धा घेतला नाहीस. घेतला असतास तर मी काहीतरी बोलले असते आणि तुला ते नको असणार, हे मला कळतं. म्हणून लिहिते.

लाल अंगरखा तुला आखूड झाला होता. कुणी हसलं नाही. तू मैदानात आलास तेव्हा हाजी अब्बासाच्या वेशात उभा होता, टोपावरची पिसं वाऱ्याने हलत होती. तू त्याच्या खांद्याशी वाकलास. काय बोललास ते आम्हाला ऐकू आलं नाही, कुणाला येऊही नये. पण त्याने तुला जे धरलं ते सोडेचना. नगारा एकदा संपला, तरी तो तुला धरूनच. नगारेवाल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

मग तू बोलायला लागलास. माझ्या शेजारच्या बायका म्हणाल्या, अरे, हा तर मशदीचाच आवाज. मी मान हलवली.

इमामांच्या समोर येऊन तू अडलास. तिथेच बाबाही दर वर्षी अडायचे, रडू येतं म्हणून. तू रडतोयस असंच सगळ्यांना वाटलं. पण तू विसरला होतास, मला माहीत आहे, तालमीच्या दिवसांत तू बंदरावर होतास. तू बाबांकडे पाहिलंस. ते पहिल्या रांगेत होते. त्यांचे ओठ हलले, आणि तू ती ओळ म्हणालास. पुढचीही तशीच. शेवटपर्यंत त्यांचे ओठ आणि तुझा आवाज. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणेन, दुसरा शब्द मला येत नाही.

चिलखत काल संग्रहालयात परत आलं. तपासणी माझ्याकडेच असते. टोपावर पुन्हा गुलाबपाणी, हाजीला कितीही सांगा. ढालीला काही नाही. दस्ताना चांगला आहे, बिजागरी शाबूत, सोनं जिथल्या तिथे.

अस्तर नाही.

डॉक्टर म्हणाले, "तूबाखानुम, अस्तर हरवलं वाटतं. पुढच्या मुहर्रमसाठी नवं शिवाल ना?" मी म्हटलं, हरवलं नाही. ज्याचं आहे त्याच्याकडे आहे.

बंदरावर हवा दमट असते. पेटीत कोंडून ठेवू नकोस, सुती कापडात गुंडाळून वाऱ्यावर ठेव. घामाचे डाग दिसतील, त्यांची काळजी करू नकोस.

आणि ते धुऊ नकोस.

तूबा